शेअर रजिस्टरमध्ये नाव नसलेली सभासद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला बोलायला उभं केलं की तो सिंकिंग फंडावर बोलणार, अशी भीती तुमच्या चेहऱ्यावर मला दिसते आहे. घाबरू नका. पंचवीस वर्षांचा हिशोब खजिनदार मांडतील, आणि तो माझ्यापेक्षा चांगला मांडतील. २००१ साली आपण नेरुळमध्ये पझेशन घेतलं तेव्हा समोर नुसता चिखल होता, संध्याकाळी सहानंतर रिक्षा मिळायची नाही, या गोष्टी तुम्ही इतक्या वेळा ऐकल्या आहेत की तुमच्या मुलांनाही पाठ झाल्या असतील. मी आज आपल्या अशा एका रहिवाशाबद्दल बोलणार आहे, जिचं नाव शेअर रजिस्टरमध्ये नाही, जी मेंटेनन्स भरत नाही, आणि तरी जिच्यामुळे आपली एक स्पेशल जनरल बॉडी मीटिंग भरली होती. हसू नका. ती मीटिंग तुम्हाला आठवत असणार.

चिमी. वजन सात किलो. रंग पिठूळ पांढरा, पाठीवर चहा सांडल्यासारखा एक डाग. शेपटी गोल वर वळलेली, उजवा कान ताठ, डावा अर्धा मोडलेला. पशुवैद्यांच्या कार्डावर 'जात' या रकान्यात 'एन. डी.' लिहिलंय. मी विचारलं, हे काय? डॉक्टर म्हणाले, "नॉन-डिस्क्रिप्ट. म्हणजे वर्णन करता येत नाही अशी." आता मी एवढं वर्णन केलं, ते तुम्ही ऐकलंच.

तिची आई तुमच्यापैकी जुन्यांना आठवेल. स्टिल्टमध्ये मीटरच्या खोलीजवळ बसायची ती तपकिरी गावठी कुत्री. बाप कोण ते कुणी पाहिलं नाही, पण मागच्या रो-हाउसमधला पॉमेरियन त्या दिवसांत दोनदा दोरी तोडून पळाला होता, एवढं वॉचमन सांगायचा. आपण ज्याला पॉमेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, हे मला नंतर कळलं. १९८०-९०च्या काळात परदेशी कुत्री आणणं अवघड होतं, तेव्हा मध्यमवर्गाच्या घरोघरी हाच. 'हम आपके है कौन'मधला टफी आठवा. १९९४ साली त्या टफीपायी किती मुलांनी आईबापांचं डोकं खाल्लं! तर चिमी अर्धी टफीच्या घराण्यातली आणि अर्धी मीटरच्या खोलीतली.

२०१५च्या पावसात तिला उचलून घरी नेलं ते बी विंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. काकू एकट्या राहत. एक मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात. सात वर्षं त्या दोघींचा संसार चालला. सकाळी साडेसहाला काकू आणि चिमी गेटबाहेर पडताना दिसल्या की सातची लोकल पकडणारे समजायचे, आपण वेळेवर आहोत.

माझा आणि कुत्र्यांचा तोवर संबंध बेताचाच. मी वाईजवळच्या खेड्यातला. आमच्याकडे कुत्रा असायचा, पण त्याची जागा ओट्याखाली. रात्री शिळी भाकरी, दिवसा खळ्याची राखण. नाव मोती किंवा वाघ्या, तिसरं नाव ठेवल्याचं आठवत नाही. कुत्रा भाकरी पळवतो आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून, ही गोष्ट आई एकादशीला सांगायची. ती ऐकून डोळ्यांत पाणी यायचं, आणि उठून मोतीला पायरीवरून हाकलायचं. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदत होत्या. मी पहिलीत असताना रशियाने अवकाशात कुत्री पाठवली. ३ नोव्हेंबर १९५७, लायका. ती मॉस्कोच्या रस्त्यावरून पकडलेली, संकरित, जेमतेम सहा किलोंची होती, हे मला अलीकडे समजलं. म्हणजे चिमीच्याच मापाची आणि चिमीच्याच जातीची, एन. डी.! आपल्या टपाल खात्याने २००५ साली चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली: हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजापालयम. मुधोळचं तर आपल्याला कौतुक, आपल्या शेजारचं ते. पण जी कुत्री आपल्या गेटवर झोपतात, त्यांचं तिकीट काही निघालं नाही.

२०२२च्या जुलैमध्ये काकू गेल्या. झोपेतच. सकाळी चिमी सतत भुंकत राहिली म्हणून शेजाऱ्यांनी दार वाजवलं, पुढचं तुम्हाला माहीत आहे. दहा-बारा दिवसांनी प्रश्न आला, हिचं काय? मुलीला विमानातून नेणं शक्य नव्हतं. मुलाच्या घरी नातवाला दम्याचा त्रास. एका निवाराघरात चौकशी झाली, तिथे आधीच जागेच्या तिप्पट कुत्री. कुणीतरी सुचवलं, आईच्या जागेवर सोडून द्या, स्टिल्टमध्येच तर जन्मली. सात वर्षं पलंगावर झोपलेल्या जीवाला रस्त्यावरची कुत्री चार दिवस जगू देत नाहीत. आमच्या सौ. हे सगळं ऐकत होत्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "ती आपल्याकडे येतेय." आमच्याकडे ठराव असेच पास होतात. सूचक-अनुमोदक एकच.

आता ओळख कशी झाली ते सांगतो, कारण मला खरं त्यावरच बोलायचं आहे.

आमच्या वेळी बँकेत खातं उघडायला जुना खातेदार लागायचा. तो फॉर्मवर सही करायचा, 'मी यांना ओळखतो'. पुढे २००२ पासून रिझर्व्ह बँकेने केवायसी आणलं आणि ओळखीची जागा कागदपत्रांनी घेतली. चिमीच्या बाबतीत दोन्ही मार्ग बंद. ओळख करून देणारी काकू गेलेली, आणि कागद म्हणजे एक लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना. शिवाय मी समजत होतो की मला तिची केवायसी करायची आहे. ती मात्र माझी करत होती, आणि माझे कागद तिला पसंत पडेनात.

पहिले पाच दिवस ती दिवाणाखालून बाहेर आली नाही. पाणी प्यायची, तेही रात्री, आम्ही झोपल्यावर. दही-भात ठेवला, चिकनचं पाणी ठेवलं, जसंच्या तसं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तिला बाहेर ओढू नका. डोळ्यांत रोखून पाहू नका. तिच्याकडे पाठ करून नाहीतर एका कुशीला तोंड करून जमिनीवर बसा, आणि तुमचं काहीतरी काम करत राहा." एकाहत्तर वर्षांच्या माणसाला जमिनीवर बस म्हणणं सोपं असतं, उठवायला कोण येणार? तरी बसलो. रोज सकाळी पेपर घेऊन दिवाणाच्या टोकाशी. सहाव्या दिवशी अग्रलेख वाचत असताना कोपराला काहीतरी ओलं लागलं. नाक.

त्या नाकाबद्दल सांगायला हवं. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या पुढे. आपण माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, ते वासावरून. म्हणून अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावर वरून हात फिरवायला जाऊ नये. त्याला तो हात अंगावर आल्यासारखा वाटतो. हात खाली, मुठीसारखा धरावा, आणि त्याला हुंगू द्यावं. वेळ त्याची, आपली नव्हे. शेपूट हलली म्हणजे खूश झाला, हेही दर वेळी खरं नसतं. शेपूट ताठ वर आणि भराभर थरथरत असेल तर तो सावध आहे. झोप आलेली नसताना जांभई देत असेल, पुन्हा पुन्हा ओठ चाटत असेल, मान फिरवून डोळ्यांचं पांढरं दाखवत असेल, तर तो सांगतोय की 'पुरे, मला हे नको'. हे सगळं तो चावायच्या आधी सांगतो. आपण ऐकत नाही, आणि मग म्हणतो, अचानक चावला.

काकूंच्या मुलीने जाताना आईची एक सुती साडी दिली होती, चिमीच्या अंथरुणाला. सौ.नी ती चार महिने धुतली नाही. घरात येणारे-जाणारे नाक मुरडायचे, मीही एकदा विषय काढून पाहिला. "तिच्यासाठी त्यात माणूस आहे," असं उत्तर आलं. मग मी पुन्हा बोललो नाही.

आणि लिफ्ट. आम्ही पाचव्या मजल्यावर. खाली फिरून आलो, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कुणासाठी थांबली, की चिमी बाहेर. काकूंच्या बंद दारासमोर जाऊन बसायची. कुलपाकडे बघायची नाही, दाराखालच्या फटीशी नाक लावायची. दोन-तीन मिनिटं. मग आपणहून उठून चालायला लागायची. पुढे पुढे लिफ्ट तिथे थांबली नाही तर ती कुरकुरू लागली, मग आम्हीच तीन नंबरचं बटण दाबायला लागलो. विजेचा खर्च सोसायटीचा, त्याबद्दल ऑडिटरने अजून आक्षेप घेतलेला नाही.

२०२३च्या सुरुवातीला तो फ्लॅट विकला गेला आणि तिथे नवं कुटुंब आलं. आई, वडील, आजी आणि दुसरीतली मुलगी. एका सकाळी सौ.च्या हातात पट्टा, चिमी नेहमीसारखी दारासमोर बसलेली, आणि आतून दार उघडलं. दप्तर पाठीला लावलेली ती मुलगी जी किंचाळली, ती आम्ही पाचव्यावर ऐकली. तिला त्यांच्या आधीच्या वस्तीत रस्त्यावरचं कुत्रं चावलं होतं. पोटरीला टाके आणि पाच इंजेक्शनं. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही.

त्यावरून अर्ज, अर्जावरून मीटिंग. ठरावाचा मसुदा असा होता की लिफ्टमध्ये कुत्रं आणायला बंदी, मोडल्यास दंड. बाजूने हात भरपूर वर येणार, हे मला दिसत होतं. सर्क्युलर वाचणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २६ फेब्रुवारी २०१५चं परिपत्रक मी नेऊन वाचून दाखवलं. पाळीव कुत्रं ठेवण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, अगदी बहुमत असलं तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही. मालकाने स्वच्छता राखावी, शेजाऱ्यांना उपद्रव होऊ देऊ नये, हे त्यातच सांगितलेलं आहे, तेही वाचलं. राज्यघटनेच्या ५१-अ कलमात प्राणिमात्रांविषयी दया हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय, तेही सांगितलं. ठराव मागे घेतला गेला. परिपत्रक जिंकलं.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी जिन्याने जाऊ-येऊ लागली. तीन मजले, पाठीवर दप्तर. लिफ्टमध्ये चिमी असेल म्हणून. आता सांगा, ते परिपत्रक घेऊन मी काय करायचं?

तिची भीती खोटी नव्हती. आपल्या पिढीला पोटातली चौदा इंजेक्शनं आठवतात. ती जुनी लस कसौलीला १९११ साली तयार झालेली, ती आपल्या देशात बनवणं थेट २००४च्या अखेरीस बंद झालं. आता दंडात घेतात, चावल्याच्या दिवसापासून शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठाविसावा दिवस. जखम खोल असेल तर जखमेतही वेगळं औषध टोचतात. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, हे लुई पाश्चरच्या आधी जितकं खरं होतं तितकंच आज आहे. म्हणून आजही सगळ्यांना सांगतो, घरी मुलांनाही सांगा: चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, तिखट तर अजिबात नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो, एकटा, चिमीशिवाय. मुलीने दाराआडून विचारलं, "आजोबा, ती चावते का?" लोक यावर म्हणतात, "छे छे, आमची काही करत नाही." मी म्हटलं, "तिला दात आहेत, म्हणजे ती चावू शकते. कशाने चावेल आणि कशाने चावणार नाही, ते मला थोडं माहिती झालंय. तुला हवं असेल तर सांगतो." तिने आजीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांगा." लसीचं कार्डही दाखवलं. तिने तारखा मोजल्या. बँकेत असे कर्मचारी मिळाले असते तर बरं झालं असतं.

ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसायची, मी चिमीला घेऊन जिन्याच्या खालच्या टोकाला. पहिले काही दिवस वीस पायऱ्या मध्ये. चिमीने जांभई दिली की मुलगी वरून ओरडायची, "आजोबा, ती घाबरलीय!" माझ्याआधी तिला दिसायचं. एकमेकींना घाबरलेल्या दोघी, एकमेकींकडे न बघता. त्या जिन्यावर मी सातचा, आठचा आणि नऊचा पाढा इतक्या वेळा ऐकला की रात्री स्वप्नात यायचा. पावसाळा सुरू होता होता पायऱ्या चार उरल्या. गणपतीत तिने मूठ खाली धरली.

ती मुलगी यंदा सहावीत जाईल. अजूनही इतर कुत्र्यांना बिचकते, आणि गेटवरच्या दोघांपासून लांबून जाते. ते ठीकच आहे.

गेटवरच्या दोघांचा विषय निघालाच आहे तर दोन मिनिटं घेतो. त्यांच्या कानाला कट आहे, म्हणजे नसबंदी आणि लस झालेली आहे. २०२३च्या नव्या नियमांत भटक्या कुत्र्यांना खायला घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यायची आहे, जिना, गेट आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर, आणि वर्दळ नसेल अशा वेळी. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा विषय गाजला. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात नसबंदी-लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडा, पण पिसाळलेली आणि आक्रमक नाही, आणि खाणं ठरलेल्या जागीच, असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, स्टेशनांच्या आवारांसाठी आणखी कडक आदेश आला. माझं मत विचाराल तर, ज्याला पोळी घालायची हौस आहे त्याने नसबंदीच्या गाडीला फोन करायची तसदीही घ्यावी. नुसतं पुण्य गोळा करून चालत नाही, त्याची सर्व्हिसिंग असते. आमच्या विंगमध्ये एक-दोघांना हे आवडत नाही, ते समोरच बसलेत.

चिमीचं पुढचं. गेल्या पावसाळ्यात तिला गोचीडताप झाला. या भागात पावसाळ्यात गोचिडांचा फार त्रास, सकाळच्या गवतात फिरवलं की कानामागे, बोटांच्या बेचक्यांत तपासून बघावं. हिरड्या पांढऱ्याफट, प्लेटलेट घसरलेल्या. तीन रात्री सौ. आणि मी आळीपाळीने जागलो. तिसऱ्या रात्री ती अंगात कण नसताना उठली, काकूंच्या साडीवरून निघाली आणि माझ्या मांडीवर येऊन पडली. याआधी कधी आली नव्हती. तीन वर्षं लागली. माझं खातं तेव्हा उघडलं असं मी समजतो. औषध लागू पडलं, आता खाते-पिते. फक्त चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा-लसूण तिला कुणी देऊ नका, ते कुत्र्यांना विष आहे. शिऱ्यातला एक बेदाणासुद्धा प्रेमाने देऊ नका.

आता ती अकरा वर्षांची आहे आणि मी पंचाहत्तरचा. तिचा एक डोळा पांढुरका व्हायला लागलाय, माझे दोन्ही झालेच आहेत. कोण आधी जाणार हे सांगता येत नाही, आणि एकदा ती दारासमोर बसलेली आम्ही पाहिली आहे. आयुष्यभर मी काउंटरवर लोकांना विचारलं, "नॉमिनी लावलाय का?" आता तर १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार लावता येतात. पण कुत्रं कायद्याने मालमत्ता आहे, वारस नाही. तिच्या नावावर काही ठेवता येत नाही, तिलाच कुणाच्या तरी नावावर करावं लागतं. म्हणून मागच्या महिन्यात मृत्युपत्रात एक परिच्छेद वाढवला. आम्ही दोघंही नसलो तर चिमी तिसऱ्या मजल्यावर जाईल, आणि तिच्या खाण्या-औषधाला एक ठरावीक ठेव त्या कुटुंबाकडे. विचारायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांना काही बोलता येईना. आजी मात्र लगेच म्हणाल्या, "तिचंच घर आहे ते, यायचं कसलं." मुलीने विचारलं, ठेवीवर व्याज किती.

सेक्रेटरींना एक विनंती आहे, ती इथेच करून टाकतो. आपल्यात एकटे राहणारे सात सभासद आहेत, त्यांपैकी तिघांकडे मांजर किंवा कुत्रं आहे. तुमच्याकडे प्रत्येकाचा तातडीचा फोन नंबर असतो, त्याच वहीत आणखी एक ओळ असू द्या: घरात जनावर आहे का, आणि वेळ आली तर ते कोण नेणार. मी फॉर्म करून आणलाय, एकाच पानाचा आहे, टेबलावर ठेवतो.

आणि जेवणानंतर फटाके लावणार आहात, असं ऐकलं. लावा, पंचवीस वर्षं एकदाच होतात. फक्त पंधरा मिनिटं आधी मला खूण करा. तिला आतल्या खोलीत नेऊन, खिडक्या लावून, रेडिओ मोठा करावा लागतो.